पिनांगला आम्ही दोघंच

७ सप्टेंबर
ठरलं. दिवाळीनंतर पिनांग. चार दिवस, मी आणि मंजुषा, दोघंच. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, दापोलीपलीकडचा समुद्र दाखवला नाहीत, असं काल म्हणाली. यंदा नेलं नाहीत तर मी माझी जाईन, असंही म्हणाली. मी हसलो. मंजुषा एकटी वापीलासुद्धा जात नाही.

८ सप्टेंबर, संध्याकाळी
शेजारचा नीलेश आला होता. खडोलीच्या फॅक्टरीत सुपरवायझर, मूळचा धुळ्याकडचा. वापीहून ग्रुप टूर निघतेय, तीही पिनांगलाच. काका, चला ना आमच्यासंगे, महाराज सोबत येतोय, जेवणाचं टेन्शनच नई, म्हणे. महाराज म्हणजे आचारी! बसभर माणसं समुद्रापार जाणार आणि हॉटेलच्या मागे बसून डाळढोकळी ओरपणार. शी! वर बसमध्ये अंताक्षरी. मेलो तरी नाही जाणार.
मंजुषाने मात्र त्याला चहा दिला आणि तारीख विचारून घेतली. उगाच, सौजन्य म्हणून.

१४ सप्टेंबर
रंगीत तालीम. पिनांगला फेरीबोटीत बसायचंय, म्हणून मंजुषाला दुधनीला नेऊन धरणातल्या बोटीत बसवलं. पाणी अगदी शांत. तरी मला उलटी झाली. लाइफ जॅकेटमुळे. किती जणांचा घाम मुरला होता त्यात, देव जाणे. मंजुषाला काही झालं नाही. तिचं नाक मुळातच कमी तिखट.

२२ सप्टेंबर
रिसर्च जोरात. एका हॉटेलच्या टॉवेलवर केस होता, असं कुणीतरी रिव्ह्यूत लिहिलंय. बाद. दुसऱ्याच्या फोटोत बाथरूममध्ये रबरी चपला दिसल्या. म्हणजे सगळ्यांनी त्याच घालायच्या! थू. ड्युरियन नावाच्या फळाला भयंकर वास येतो म्हणतात, पण फणसावर वाढलेल्या माणसाला त्याचं काय?
बुकिंग घाईने करू नये. मंजुषा म्हणते, निदान ऑफिसची परवानगी तरी काढा.

६ ऑक्टोबर
सरकारी माणसाला परदेशी जायचं तर परवानगी लागते. मंजुषाची शाळा प्रायव्हेट, तिला ही भानगड नाही. पण आमच्याकडे हे अर्ज माझ्याच टेबलावर येतात, त्यामुळे काळजी कसली?
सकाळी अर्ज दिला. दुपारी आवक होऊन तोच माझ्यासमोर आला. सुपरिंटेंडेंट या नात्याने वाचला. प्रवासाचा हेतू: फिरणे. इतका मोघम अर्ज मी आजवर कुणाचाही पुढे जाऊ दिलेला नाही. स्वतःचा सोडला तर स्टाफ काय म्हणेल? शेरा मारला: हेतूचा सविस्तर खुलासा करावा. बरं वाटलं.

९ ऑक्टोबर
खुलासा सादर केला. दीड पान. भाषा उत्तम, पण वाचताना आणखी दोन शंका आल्या. त्याही नोंदवल्या.

१५ ऑक्टोबर
साहेबांनी बोलावलं. रघुनाथराव, शंका काढणारे तुम्हीच आणि समाधान न झालेलेही तुम्हीच, मग मी सही कशाच्या जोरावर करू, असं विचारलं. फाइल वरच्या ऑफिसला धाडली. या खात्याच्या कारभाराची मला शिसारी आलीय.
मंजुषाला सांगितलं. नंतर नीलेशकडे गेली. त्याच्या बायकोशी, रोशनीशी, तिचं छान जमतं. तेवढंच मन रमेल.

१३ नोव्हेंबर, सकाळी
फाइल आली नाही. मंजुषा ग्रुपबरोबर गेली.
मीच आग्रह करून पाठवलं, असं लोकांना सांगायचं ठरवलंय. बस सोसायटीच्या गेटमधून बाहेर पडायच्या आधीच आत अंताक्षरी सुरू झाली. पहिलं गाणं मंजुषाचं. इतक्या मोठ्याने गाते, हे मला माहीत नव्हतं.

१५ नोव्हेंबर
फोन आला. महाराजाचं जेवण टाळून ती आणि रोशनी रस्त्यावरच्या गाडीवर कोळंबीच्या नूडल्स खाऊन आल्या. फेरीबोटीतून दोनदा जाऊन आल्या. हात धुतलेस का, असं मी विचारलं. ती खूप हसली. एवढी हसलेली बऱ्याच दिवसांत ऐकली नव्हती. मला फार जायचं होतं तिच्याबरोबर.
पुढच्या वर्षी ग्रुप व्हिएतनामला जातोय. तिने स्वतःचं नाव आत्ताच घालून टाकलंय. आता ती माझंही विचारेल म्हणून मी वाट पाहिली. लगेच हो म्हणणार होतो.
दूध अर्धाच लिटर घ्या, एकट्याला पुरतं, एवढं म्हणाली आणि फोन ठेवला.