रस्त्याच्या अलीकडचा परका

ती. व्हर्ल भाऊजींना,

रस्त्याच्या पश्चिम अंगाने डेल्विनचा नमस्कार.

तुम्ही, आर्डेथताई आणि ती लंगडी कुत्री, तिघंही खुशाल असाल असं धरून चालतो. ताईच्या कमरेचं ऑपरेशन नीट पार पडलं हे आईकडून कळलं. तुमचा गुडघा कसा आहे? (हे रीत म्हणून विचारत नाही. पुढे त्या गुडघ्याशी काम आहे.) हाकेच्या अंतरावर राहून पत्र कसलं लिहितो, असं तुम्हाला वाटेल. दोन वर्षांपूर्वी थँक्सगिव्हिंगच्या जेवणात, तुम्ही तुमचा डोंगर शिकारीच्या ठेकेदाराला भाड्याने दिलात त्यावर मी जे बोललो, ते टर्की कापण्याआधी बोलायला नको होतं, एवढंच मी कबूल करतो. कापून झाल्यावर बोलायला हवं होतं. तेव्हापासून तुम्ही फोन उचलत नाही आणि मी करत नाही, त्यामुळे बोलणं कसं अगदी बरोबरीचं चाललं आहे. म्हणून हे पत्र.

आमच्याकडे सगळं वाईट आहे. ज्या दिवशी नोलाशी लग्न करून तिच्या घरी राहायला आलो त्या दिवशी मी रस्ता ओलांडला, एवढाच माझा गुन्हा. तुम्हाला ठाऊकच आहे, आपल्या गावचा मोठा रस्ता हीच दोन राज्यांची शीव. पूर्वेला वायोमिंग, पश्चिमेला आयडाहो. आईच्या स्वयंपाकघरातून हाक मारली तर मला माझ्या अंगणात ऐकू येते, पण सरकारच्या लेखी मी न्यूयॉर्कच्या दंतवैद्याइतकाच परका. आमचा कुत्रा दिवसातून दहादा दोन्ही राज्यांत तंगडी वर करून येतो, त्याला कोणी परवाना विचारत नाही. मला मात्र ज्या डोंगरात लहानाचा मोठा झालो तिथे एक एल्क हरीण मारायचं तर बाहेरच्याचा परवाना, आणि त्याची किंमत अशी की पावती बघून नोला खुर्चीत बसली. बसून म्हणाली, "एवढ्यात अर्धी गाय आली असती, कापून, बांधून, घरपोच." मी म्हटलं, गायीचं काय करायचंय? ती म्हणाली, "खायचंय." या बाईशी शिकारीबद्दल बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

बरं, पैसे मोजले की परवाना मिळाला असंही नाही. आधी सोडतीत नाव यावं लागतं, आणि नाव यायचं तर दरवर्षी एक गुण विकत घेऊन साठवावा लागतो. मी गुण साठवत गेलो, आणि दरवर्षी लागणाऱ्या गुणांची पायरीही एकेकाने वर सरकत गेली, कारण अख्खा देश माझ्या आगेमागे गुण साठवत होता. दर दोन-तीन वर्षांनी फी वाढली ती वेगळीच. शेवटी यंदा नंबर लागला. तो साजरा करण्यासाठी मी माझी मासेमारीची होडी विकली, म्हणजे परवान्याची भरपाई झाली. नंबर लागला की साठवलेले गुण शून्यावर येतात. आता यंदा मोकळ्या हाताने परतलो तर पुन्हा नंबर लागेपर्यंत मी भिंतीवरच्या फोटोत असेन. आणि आई कुठे असेल ते लिहवत नाही.

कारण हे सगळं आईसाठी आहे, भाऊजी. नाताळात आई जे गोड सारण करते ना, एल्कच्या मानेचं मांस उकडून, त्यात सफरचंद, मनुका, चरबी, व्हिनेगर आणि लवंगा घालून, आणि ते मैद्याच्या पारीत भरून, भाजून अर्ध्या चर्चला वाटते, ते मानेच्या मांसाशिवाय होत नाही. मांडीचं चालत नाही, पाठीचं तर नाहीच. गेल्या वर्षी मान मिळाली नाही म्हणून तिने गोमांसाचं केलं. एक घास खाल्ला, काटा खाली ठेवला आणि "छान झालंय" म्हणाली. आईने आजवर कुठल्याही चांगल्या झालेल्या पदार्थाला छान म्हटलेलं नाही. तिची नजर आता अगदी अधू झाली आहे, लवंगा बोटांनी चाचपून घेते. परवा मला म्हणाली, "यंदा मान आणलीस तर करीन. नाही आणलीस तर यापुढे दुकानातला डबा फोडत जा. मी काही दरवर्षी वाट बघायला बसलेली नाही." हे ती वाटाणे सोलत म्हणाली, अगदी सहज. मला रस्ता ओलांडून घरी येववेना.

तर सप्टेंबर लागताच मी धनुष्यबाण घेऊन निघालो. पहाटे पायवाटेच्या तोंडाशी पोचलो तर गाडी लावायला जागा नाही! यात्रेला लागाव्यात तशा गाड्या. मी माझी गाडी एका खड्ड्यात उभी केली (ती अजून पूर्ण बाहेर आलेली नाही) आणि बाबांनी दाखवलेल्या झऱ्याकडे चढलो. हा झरा फक्त आपल्या घराला माहीत, अशी माझी आयुष्यभराची समजूत. तिथे माणसं पंगतीसारखी बसली होती. सगळ्यांच्या फोनमध्ये एकच नकाशा, आणि त्या नकाशात आपला गुप्त झरा निळ्या ठिपक्याने दाखवलेला. ओहायोचा एक दाढीवाला मला अदबीने म्हणाला, "काका, रांग त्या फरच्या झाडापासून आहे." मी विचारलं, एल्क दिसलं का? तो म्हणाला, "नाही, पण माणसं फार चांगली भेटली." त्याने मला सुकवलेलं एल्कचं मांस खायला दिलं, दुकानातलं. मी ते खाल्लं. माणूस किती खाली जाऊ शकतो ते त्या दिवशी कळलं.

मग ठरवलं, वर जायचं, जिथे मोटार नाही, माणूस नाही, त्या राखीव रानात. तिथे हद्दीचा तो बोर्ड आहे, आणि बोर्डापाशी वनखात्याची केंड्रा उभी. तिला मी शाळेच्या बसमधून सहा वर्षं नेलं-आणलं आहे. म्हणाली, "डेल काका, या बोर्डापुढे बाहेरच्या माणसाला एकट्याने शिकारीला जाता येत नाही." मी म्हटलं, पोरी, मी याच खोऱ्यात चालायला शिकलो. ती म्हणाली, "आणि तुम्हीच आम्हाला बसमधल्या पिवळ्या रेषेच्या आत बसायला शिकवलंत. पाऊल मागे घ्या, नाहीतर मला पावती फाडावी लागेल आणि रात्री झोप येणार नाही." मग तिनेच समजावलं की भाडोत्री वाटाड्या घेतला तर जाता येतं (त्याचे दर ऐकून मी तिला पुन्हा सांगायला लावले, वाटलं वर्षाचे असतील), किंवा मग वायोमिंगचा रहिवासी सोबत असला, त्याने फुकटचा एक कागद भरला, तर बोर्डापुढे जाता येतं. "आहे का कोणी इकडचा?" तिने विचारलं. मी म्हटलं, होता एक. "आजी चालतील," ती म्हणाली, "चालता येत असलं तर." सत्त्याऐंशी वर्षांच्या आईला घेऊन मी कड्यावर चढतो आहे असं चित्र डोळ्यांपुढे आलं, आणि खरं सांगतो, क्षणभर मी त्यावर विचार केला.

शेवटी बोर्डाच्या अलीकडच्याच एका आडरानातल्या धारेवर गेलो. तिथून तुमचं शेत दिसतं. तुमच्या अल्फाल्फाच्या हिरव्या चाऱ्यात एल्कचा कळपच्या कळप लोळत पडला होता, जावई सासरी लोळतात तसा. एक मोठा नर तर तुमच्या कुलूपबंद फाटकाला मान घाशीत होता. ती मान! खांबाएवढी जाड. मी दुर्बिणीतून ती इतका वेळ पाहिली की काचांवर वाफ धरली. (तुमचे ते ठेकेदाराचे साहेब लोक तेव्हा कुठे होते? न्याहारी करत असणार.)

आणि मग, भाऊजी, दैव उघडलं. मी नळी तोंडाला लावून नराची साद घातली, आणि पलीकडच्या झाडीतून उत्तर आलं! घोगरं, वयस्कर, शेवटी जरा खोकल्यासारखं तुटणारं. मी पुन्हा साद दिली, त्याने पुन्हा उत्तर दिलं, आणि रागाने. मी फांदी मोडली, त्यानेही मोडली. मी खुरांसारखे पाय आपटले, त्याने आपटले. माणसाचा वास लागू नये म्हणून अंगाला एल्कचं मूत चोपडलं होतं (बाटलीत मिळतं, त्याचीही किंमत वाढली आहे, आणि नोलाने मला तेव्हापासून गॅरेजमध्ये झोपायला पाठवलं आहे), तरी वारा बघत, पोटावर सरपटत, काट्यांतून अर्धा अर्धा हात पुढे जात राहिलो. तोही माझ्या दिशेने येत होता. सगळी सकाळ गेली. मनात एकच, आई लवंगा चाचपते आहे. शेवटी मधे फक्त एक पडलेलं झाड उरलं. पलीकडे त्याचा श्वास ऐकू येत होता. मी बाण लावला, हळूच गुडघ्यावर उठलो. आणि तो शिंकला.

एल्क तसं शिंकत नाही. एल्क शिंकल्यावर "अरे देवा" म्हणत नाही. मी वाकून बघेपर्यंत झाडीच्या रंगाच्या विजारीतला एक पार्श्वभाग झुडपांतून लंगडत, पण वयाच्या मानाने फार वेगाने, उताराला लागला होता. हाक मारली, तो थांबला नाही. असेल कोणी बाहेरगावचा. दोन म्हाताऱ्यांनी एकमेकांना मादीच्या नादाने अख्खी सकाळ हाका माराव्यात, यापेक्षा या डोंगराची आणखी काय दुर्दशा व्हायची राहिली आहे? तो गेला तिथे मेणकागदात गुंडाळलेलं सँडविच पडलं होतं. अन्न टाकू नये म्हणून मी ते ओंडक्यावर बसून खाल्लं. तळलेलं अंडं आणि लोणच्यातलं बीट. खाताना रडू आलं, त्याचं कारण अंडं नव्हतं.

बाकी काही लिहिण्यासारखं नाही. पेंढ्याला भाव नाही म्हणतात, तुमच्याकडे तो प्रश्न नसावा. ताईला माझा नमस्कार, कुत्रीच्या डोक्यावरून हात फिरवा, आणि तुम्ही माझ्या वाट्याचा राग जपून वापरा, या वयात तो लवकर संपतो.

तुमचा,
डेल्विन

ता. क. पत्र लिहिण्याचं खरं कारण असं की ठेकेदाराचे साहेब लोक शिंगं नेतात आणि पाठीचं मऊ मांस नेतात. मान कोणी नेत नाही, ती तुमच्या खड्ड्यात जाते असं ऐकतो. त्यातली एक बाजूला ठेवाल का? पोत्यात घालून फाटकाला टांगा. माझं तोंडही बघावं लागणार नाही. शिकार्‍याच्या घराण्यात जन्मून मी उष्टी मान मागतो आहे, यावरून काय ते समजा.

ता. क. २. नोलाने वरचं वाचलं आणि म्हणाली, "सरळ लिही की." सरळ लिहितो. अंड्यासोबत लोणच्यातलं बीट घालणारी बाई या दोन राज्यांत एकच आहे आणि ती माझी बहीण आहे. ती शिंक मी चर्चमध्ये तीस वर्षं मागच्या बाकावरून ऐकतो आहे. आणि ती घोगरी, शेवटी तुटणारी साद पाण्याच्या नळीच्या तुकड्यावर मला कोणी शिकवली, ते तुम्हाला सांगायला नको. भाऊजी, स्वतःच्या रानात कळप लोळत असताना तुम्ही त्या काट्यांत काय करत होतात? आईने सांगितलं तेव्हा विश्वास बसला नव्हता: करारात लिहिलं आहे म्हणे, मालकानेही त्या जमिनीवर शिकार करायची नाही. म्हणजे तुम्हाला तुमच्या फाटकाने बाहेर काढलं आणि मला रस्त्याने. त्या जेवणात बोललो ते मी मागे घेत नाही, पण त्या भाड्याच्या अर्ध्या पैशांत ताईची कंबर उभी राहिली हेही मला कळलं आहे, तेव्हा पुन्हा बोलणार नाही. तुम्ही वायोमिंगचे रहिवासी आहात, तो फुकटचा कागद तुम्ही भरू शकता. तुम्हाला गुडघ्यामुळे मांस खाली आणता येणार नाही, मला बोर्डामुळे वर जाता येत नाही. दोघं मिळून एक धड शिकारी होतो.

ता. क. ३. पत्राला लावायचं तिकीट मागायला आत्ता आईकडे गेलो होतो. टेबलावर मनुकांचे दोन डबे. मी विचारलं, कोणी आणले? म्हणाली, "एक व्हर्लने. सोमवारी आला होता. म्हणाला, सासूबाई, यंदा मान मीच आणतो, पण डेलला कळू देऊ नका." दुसरा डबा माझाच, मागच्या आठवड्यातला. मी तिला त्या सकाळची सगळी हकिकत सांगितली. वाटलं, हसेल. ती म्हणाली, "दोघंही इतक्या जवळ आला होतात?" आणि सफरचंदांची टोपली चाचपत पुढे ओढली. मग म्हणाली, "सफरचंदं चिरायला घेते. मला आता वेळ लागतो."

शनिवारी सकाळी मी बोर्डापाशी उभा असेन, अलीकडच्या बाजूला. पलीकडे न्यायला तुम्हालाच यावं लागेल.