टेडची घंटा

१० ऑगस्ट २०२०, सोमवार
रेडिओ स्टेशनची किल्ली आजपासून माझ्याकडे! गावातलं हे कंट्री गाण्यांचं स्टेशन चालवणारे सगळे सत्तरीपुढचे. कोविडमुळे घरात. मी दुधाच्या फॅक्टरीत मशिनं दुरुस्त करतो, एवढ्यावर अध्यक्ष कॉलिन म्हणाला, "शिव, मित्रा, सकाळी एक बटण तर दाबायचंय!" लॉकडाऊनमुळे मेलबर्नला बायकोकडे, रेखाकडे, जाता येतच नाही. दाबू बटण.

११ ऑगस्ट
कॉलिनने फोनवर स्टेशनचा इतिहास ऐकवला. टेड नावाच्या माणसाने आपल्या कोंबड्यांच्या खुराड्यात ते काढलं. रोज सहाला गाईच्या गळ्यातली घंटा वाजवायचा, मग पहिलं गाणं. खोलीत अजून पिसं सापडतात! टेड गेल्या वर्षी वारला. घंटाही दिसेनाशी झाली.
"आता ऐकतं कोण? शुक्रवारी मीटिंग आहे. बहुतेक बंद करू."
मला सगळी गाणी सारखीच वाटतात — ट्रक, कुत्रा, सोडून गेलेली बायको. तरी वाईट वाटलं.

१२ ऑगस्ट
घोटाळा! आमचे आप्पा पिठाची गिरणी घंटी वाजवल्याशिवाय सुरू करत नसत. मीही कुठलंच यंत्र तसं सुरू करत नाही. पूजेची छोटी घंटी वाजवली, दोन ओळी आरती म्हटली — आणि माइक चालू!
लगेच फोन. एक म्हातारी बाई: "टेडची घंटा सापडली!" मी तोंड उघडेपर्यंत ठेवलाही.
दुपारपर्यंत गावभर. कॉलिनचाही फोन. "आणि ते पुटपुटणं! टेडही असाच पुटपुटायचा. कुणालाच कळायचं नाही."

१३ ऑगस्ट
वाजवू की नको? वाजवली तर लोक फसतात, न वाजवावी तर देवाला चुकवल्यासारखं. वाजवली. बेकरीत लोकांनी टाळ्या वाजवल्या!
रेखा फोनवर: "अहो, मीटिंग होईपर्यंत तरी गप्प राहा."

१४ ऑगस्ट
स्टेशन चालू राहणार. एकमताने! कारण काय, तर घंटा.
जेवण गेलं नाही. देवापुढची वस्तू, आणि माझ्यामुळे खोटी साक्ष देतेय. उद्या टेडच्या बायकोला, मॉरीनला, खरं सांगणार. मग बंद पडलं तर पडो.

१५ ऑगस्ट
मास्क लावून, फाटकाबाहेरूनच सगळं सांगितलं. घंटी दाखवली. मॉरीन हसायला लागली. "टेडची घंटा? ती मीच त्याच्या शवपेटीत ठेवली."
आवाज ओळखला. पहिला फोन हिचाच!
"उद्या जरा जोरात वाजव. मला हल्ली कमी ऐकू येतं."