दम्याचा रकाना

मिसिसागा, रविवार, फेब्रुवारी २०१७

'दमा आहे का?' या प्रश्नावर माझा हात आपोआप 'नाही'कडे का गेला, ते मला सांगता येत नाही. बार्बाडोसला पहिल्यांदाच स्कूबा डायव्हिंग करायला जायचंय, त्याचा हा फॉर्म. आई लहानपणापासून बजावते, "दम्याचं कुणाला बोलू नकोस, स्थळं येणार नाहीत." घरातली पहिली पदवीधर मी, आणि लिहिलं काय, तर 'नाही'.

रूममेट मृणाल म्हणाली, "अगं बाई, समुद्राच्या तळाशी तुला बघायला कोण येणारे? धाप लागली तर काय करशील?"

हसले, पण तो रकाना डोळ्यांपुढून हलेना. 'हो' लिहिलं की डॉक्टरांची परवानगी लागते; ते नको म्हणाले तर किनाऱ्यावर बसेन. बहुतेक म्हणणार नाहीत. तीन वर्षांत पंप लागलेला नाही.

'हो' लिहून फॉर्म पाठवला, आणि लगेच आईला फोन करून तसं सांगितलंही.