तिघांसाठी प्रो

१४ सप्टेंबर, रविवार
ठरलं. दिवाळीत दुर्गा आणि ऋतुजा येतील तेव्हा कॉम्प्युटर तयार पाहिजे. दुर्गा लेकीच्या कॉलेजसाठी पुण्याला गेली ती तात्पुरती. रिकामं बसून काय करायचं म्हणून शाळेत लागली, तीही तात्पुरती. ऋतुजाचं यंदा शेवटचं वर्ष. म्हणजे जूनमध्ये दोघी परत. तिघांना पुरेल असं मशीन घरात हवंच.
मशीन कॉम्प्युटरच्या दुकानातल्या शिवराजने जोडून दिलंय. प्रश्न एवढाच, विंडोज होम घ्यायचं की प्रो? मी कॉमर्स शिकवतो. तुलना करून आठवड्यात निकाल लावीन.

१५ सप्टेंबर
शिवराज म्हणाला, सर, विकत कशाला घेताय, मी तसंच टाकून देतो की, सगळ्या गल्लीत तेच चालतंय. मी नको म्हटलं. वर्गात व्यवसायनीती शिकवायची आणि घरी हे?
तोवर स्क्रीनच्या कोपऱ्यात ‘ॲक्टिव्हेट करा’ असं पुसट दिसत राहतं. चोरी पकडल्यासारखं वाटतं. त्यावर कागदाचा तुकडा चिकटवला. मग वाटलं, इथे पाहणार कोण? काढला. मग वाटलं, मी पाहतो ना. परत चिकटवला.

१७ सप्टेंबर
होम की प्रो, शिवराजला विचारलं. कितीजण वापरणार म्हणाला. तिघं, मी म्हणालो. त्यावर, तुमी एकटेच हाय न्हवं हितं? एकट्याला होम लई झालं की! मी ‘सध्या एकटा’ असं स्पष्ट केलं. जरा मोठ्यानेच बोललो असेन, दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघायला लागली.
घरी वाचलं, तिघांची अकाउंटं होममध्येही निघतात. हिरमुसलो. पण पुढे सापडलं! प्रोमध्ये रिमोट डेस्कटॉप आहे. ऋतुजा पुण्यात बसून इथल्या कॉम्प्युटरच्या आत येऊ शकते. होममध्ये तसं येता येत नाही. मग दिवाळीपर्यंत तरी कशाला थांबायचं?
निकाल: प्रो.

२० सप्टेंबर
घेतलं नाही. पितृपंधरवडा. मी मानत नाही, दुर्गा मानते. तिला फोन करून विचारलं, घेऊ का? तुम्हाला हवं तेव्हा घ्या, मला कशाला विचारता, म्हणाली. म्हणजे मानते. थांबतो.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
प्रो आलं! कागद सन्मानाने काढला.
आज यंत्रांची पूजा. नागव्वा स्वयंपाकाला येते, तिने माझी सायकल, मिक्सर आणि कॉम्प्युटर, सगळ्यांना हळदकुंकू लावलं. माऊसला तर उलटा करून, बरोबर खालच्या लाल दिव्यावर. देवाचा डोळा वाटला म्हणे. स्क्रीनवरचा बाण एका जागी थरथरत राहिला. मी पुसायला गेलो तर ओरडली, पुसू नगा मास्तर, सांजपातूर ऱ्हाऊ द्या! राहू दिलं. पहिला दिवस नुसता बघण्यात गेला. पण बघायला छान आहे.

५ ऑक्टोबर, रविवार
तीन अकाउंटं काढली. मी ॲडमिनिस्ट्रेटर, दुर्गा आणि ऋतुजा साध्या युजर. जेवताना खटकलं. दुर्गा माझी परवानगी घेणार? याच स्वभावामुळे तर ती… तसं काही नाही, ती कॉलेजसाठी गेली. उठून तिलाही ॲडमिनिस्ट्रेटर केलं. पासवर्ड लग्नाची तारीख. फोनवर कळवलं. कोणतं लग्न, म्हणाली. कामात असावी.

१२ ऑक्टोबर, रविवार
ऋतुजा आज आत येणार होती. नेमकं नळाला पाणी आलं. तिच्यासाठी पाणी सोडावं, की पाण्यासाठी तिला? टाकी भरून येतो तर फोनवर तिचे तीन मिस्ड कॉल. उलट फोन केला तर मैत्रिणींबरोबर बाहेर. आता दिवाळीत बघू म्हणाली.
दुर्गाची नोकरी कायम झाली. आनंदाची गोष्ट आहे. कायम माणसाला सुट्ट्या जास्त. म्हणजे इकडे येणंही वाढणार.

१८ ऑक्टोबर
दोघी दिवाळीला येत नाहीत. ऋतुजाची परीक्षा, आणि दुर्गाचा भाऊ पुण्यातच, भाऊबीज तिथे. दुर्गा म्हणाली, तुम्हीच या की इकडे, चार दिवस सुट्टी तर आहे. तिने स्वतःहून म्हटलं. दोनदा.
नाही म्हणालो. कारण सरळ आहे. पाडव्याला ऋतुजा रिमोटने आत येणार. मी पुण्याला गेलो तर इथे कॉम्प्युटरपाशी कोण बसणार? दुर्गाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग, बसा, म्हणाली. पटलं असावं.

२२ ऑक्टोबर, पाडवा
सकाळीच आंघोळ करून नवा सदरा घातला. कॉम्प्युटरसमोर बसलो. ऋतुजाने फोनवरून राउटरमध्ये काय काय बदलायला लावलं, जुन्या फोटोंसाठी माझाच पासवर्ड घेतला, आणि म्हणाली, पप्पा, आले आत!
त्याच क्षणी माझ्या स्क्रीनला कुलूप. माझं नाव आणि पासवर्डची रिकामी चौकट. बाकी काही नाही. फोनमधून मात्र दोघी ऐकू येत होत्या. जुने फोटो उघडून बघत होत्या. अगं, हा बघ, हा बघ! दुर्गा अशी हसली की मीपण हसलो. कुठला फोटो विचारलं तर दोघींना हसण्यातून बोलता येईना.
मी पासवर्ड टाकायला लागलो. ऋतुजा ओरडली, टाकू नका पप्पा, मी बाहेर पडेन! एका वेळी एकच जण. मी हात मांडीवर ठेवले.
मग मी इथे कशाला, असं विचारलं.
तेच ना, म्हणाली. मशीन चालू ठेवून आला असता तरी चाललं असतं. आणि दोघांनी मिळून बघायचं तर साधं क्विक असिस्ट असतं की, ते होममध्येपण असतं.
मागून दुर्गा म्हणाली, ओवाळायचं ताट सकाळीच करून ठेवलं होतं मी. म्हटलं, ऐन वेळी येतील.
राउटर गरम झालाय, असं म्हणालो.
जाता जाता ऋतुजाने विचारलं, आईचं अकाउंट रिकामंच आहे, काढून टाकू? राहू दे म्हणालो. रिकाम्या अकाउंटला जागा फार लागत नाही. वाचलंय मी.
त्या गेल्यावर पासवर्ड टाकला. फोटो उघडाच राहिला होता. होटगीच्या तळ्यावरचा, तिघांचा. त्या दोघी हसतायत. मी मधोमध, डोळे मिटलेले, हातात कॅमेऱ्याचं माहितीपत्रक.
उद्याच्या पुण्याच्या गाड्या पाहिल्या. भाऊबीज. सगळ्या फुल.