पुढेकायची पट्टी

सोमवार, ३
शाळेत गेलो. पाच तास घेतले. डबा नेला नव्हता, भूकही नव्हती. बायको वारली त्याला आज दीड महिना झाला. मी व्यवस्थित आहे.
शुक्रवारी तपासणीच्या बाई वर्गात बसणार. पहिल्या बाकावरची मुलगी, सारखं ‘पुढे काय?’ विचारते म्हणून मी तिला पुढेकाय म्हणतो, ती आमच्या वर्गात राहणार की वेगळ्या शाळेत जाणार, ते त्या ठरवतील. पुढे काय होणार हे आधी कळलं नाही, की ही पोरगी टेबलाखाली जाऊन बसते.
संकल्प: एकतीस मुलं, एकतीस गरजा, एकच पाठ. आजपासून रोज दोन तास प्लॅनिंग.

मंगळवार, ४
बहिणीचा फोन. दादा, जेवलास का, म्हणाली. हो म्हटलं. बिस्किटं पोटातच जातात.
प्लॅनिंग उद्यापासून. आधी टेबल आवरायला हवं. आवरलं नाही.

बुधवार, ५. संध्या. ७
पाठ अपूर्णांकांचा. कमी दिसणाऱ्याला मोठं अक्षर. चुळबुळ्याला उभ्यानं करायचं काम. पुढेकायला चित्रांची पट्टी: एक काम झालं, की एक चित्र उलटं करायचं. प्लॅन अकरा पानी झाला. मदतनीस बाई म्हणाल्या, सर, हा पाठ आहे की महिन्याच्या वाणसामानाची यादी? त्यांचा अनुभव कमी आहे.

गुरुवार, ६
हेडबाई म्हणाल्या, थोडी रजा घ्या. नको म्हटलं. माझ्याशिवाय वर्ग चालायचा नाही.

शुक्रवार, ७
सुरुवात उत्तम. कागदाचं वर्तुळ मधोमध कापलं. म्हटलं, हा अर्धा माझा आणि हा अर्धा.
पुढचं आठवेना. माझ्या मते अर्धं मिनिट गेलं. मदतनीस बाई चार मिनिटं म्हणतात.
पुढेकाय उठली. टेबलाखाली गेली नाही. पट्टी माझ्यासमोर धरून पुढच्या चित्रावर बोट ठेवलं. सर, हे. आता वाटायचं, म्हणाली. मग एकेक चित्र उलटं करत तिनंच सगळा पाठ पुढे नेला. मी कागद वाटले.
एकूण पाठ यशस्वी.

शनिवार, ८
तपासणीचा अहवाल आला. पुढेकाय वर्गातच राहणार. खाली शेरा: मुलगी छान सामावली आहे. सरांना आधाराची गरज आहे.
सोमवारपासून दोन आठवडे रजा. वर्ग मदतनीस बाई घेतील. अकरा पानांतलं एक पान त्यांनी ठेवून घेतलं, पट्टीचं.
निघताना पुढेकायनं विचारलं, सर, तुमची पट्टी कुठंय? घरी आहे, म्हटलं.
नव्हती. वर्गाच्या दिनक्रमाची उरलेली चित्रं दप्तरात होती, ती फ्रिजवर चिकटवली. हात धुणे. जेवणे. आवरणे.
अर्धी वाटी तांदूळ शिजायला लावला. हात धुतले. पहिलं चित्र उलटं केलं.