नेव्हिलला लॅमिंग्टन देऊ नकोस

टीगन,

तुझी आई गेल्याचा हॉस्पिटलमधून फोन आला, त्या दिवशी तिच्या आवडत्या अंतराळ-मालिकेचा एकच भाग उरला होता. तो काल लागला. नऊ वर्षं ताऱ्यांमधून हिंडवलं आणि शेवटी म्हणे, सगळं कॅप्टनला पडलेलं स्वप्न! लाज कशी वाटली नाही त्यांना?

तिच्यासोबत ती मालिका बघणारं फॅन मंडळ आपल्या हॉलमध्ये भांडत बसलंय. नेव्हिल म्हणतो, "शेवट फार खोल आहे." म्हटलं, "अरे, त्यात पायाचा घोटाही बुडत नाही." ग्लेनिस रडतेय, आईच्या अंत्यविधीला एवढी रडली नव्हती. त्यांना नुसता चहा दे. नेव्हिलला लॅमिंग्टन केक देऊ नकोस.

मी दफनभूमीत जातोय. शेवट काय झाला ते येऊन सांगेन, असं आईला कबूल केलं होतं. सकाळीही गेलो होतो, पण गवत उपटून परत आलो. तिला अजून सांगितलेलं नाही.

बाबा