आभाळावरची रेघ

मेहरूण, जळगाव
दि. ४ एप्रिल २०२५

तीर्थरूप अक्कास,
जीवरामचा सा. न. वि. वि.

कुर्रर्र... कुंई. कुर्रर्र... कुंई. आज सकाळपासून कानात हाच आवाज आहे. डॉक्टर म्हणतात कान गेले. मी म्हणतो, बाहेरचे गेले, आतले शाबूत आहेत. ओळखलास ना? नजीरच्या अंगणातल्या निंबाला बांधलेल्या झोक्याची कडी! मी हे घर बांधलं त्या वर्षी तू धुळ्याहून आखाजीला माहेरपणाला आलीस आणि माझ्या अंगणात झोका बांधायला साधं झाडही नाही म्हणून हिरमुसलीस. तेव्हा नजीरची आई, हसीनाबी, कुंपणापलीकडून म्हणाली होती की निंब काय कुणा एकाचा असतो का. मग तुम्ही दोघी चाळिशी ओलांडलेल्या बाया समोरासमोर उभ्या राहून झोके घेत होतात, आणि मी खाली उभा राहून, अगं पडाल, पडाल, म्हणून ओरडत होतो. तेव्हापासून तुझी एक आखाजी चुकली नाही.

यंदा मात्र अवघड आहे. तुझी उजवी बाजू रुसलेली, आणि मला हर्नियाच्या ऑपरेशनमुळे दीड महिना बस बंद. फोनवर तुझे शब्द जड, माझे कान बहिरे. दोन्हीकडून नुसता भुंगा. म्हणून तुझ्या नातीने काढलेली युक्ती मला फार आवडली. आखाजीच्या दिवशी तू मला पडद्यावर दिसशील, आणि तू बोलशील ते मयुरी खाली टाइप करील. दुखण्यानंतर तू कुणाला फोटोसुद्धा काढू दिला नाहीस, आणि मला चेहरा दाखवायला कबूल झालीस, हे वाचून माझं पान ओलं झालं.

चि. मयुरीस अनेक आशीर्वाद. तुझा जुना लॅपटॉप तुझ्या बाबांनी, हितेंद्रने, आणून दिला. त्यातली ती लिनक्स प्रणाली कुणा एका कंपनीची नाही, हजारो लोकांनी मिळून केली आणि सगळ्यांना खुली ठेवली, असं तू लिहिलंस. गावविहिरीसारखंच म्हणायचं! पण कोपऱ्यात वाय-फायच्या तीन कमानींची खूण दिसेल म्हणालीस, ती काही दिसत नाही. लॅपटॉप उलटा करूनही पाहिला. हसू नकोस.

लोभ आहेच, आटू देऊ नये.
तुझा धाकटा,
जीवराम


धुळे
दि. ९ एप्रिल २०२५

ती. नानाआजोबांस,
मयुरीचा सा. न. वि. वि.

हसले, आणि अक्काही डाव्या गालाने हसली. पण चूक माझी आहे. कॉलेजच्या लॅबमध्ये मी वायर लावूनच सगळं बसवलं आणि वाय-फाय तपासायचं राहून गेलं. लॅबमध्ये काम करणाऱ्या मुलीने ही चूक करावी म्हणजे तुमच्या भाषेत कान धरून बाकावर उभं राहण्याची गोष्ट.

झालंय असं की लिनक्स खुली असली तरी तुमच्या लॅपटॉपमधली वाय-फायची चिप ज्या कंपनीची आहे, तिने आपला ड्रायव्हर खुला केलेला नाही. ड्रायव्हर म्हणजे चिपला चालवणारा छोटा प्रोग्राम. तो नेटवरून उतरवावा लागतो. आणि नेट तर अजून लागलेलंच नाही! म्हणजे बिनतारी व्हायच्या आधी एकदा तार जोडावीच लागते. पेन ड्राइव्हवर पाठवला असता, पण एका फाइलला दुसरी लागते, दुसरीला तिसरी. इथे बसून मला ते कळायचं नाही.

उपाय सोपा आहे. तुमचा फोन बटणांचा, त्यावर नेट नाही, पण नजीरकाकांकडे आहे. त्यांच्या राउटरपासून एक वायर अर्ध्या तासापुरती आपल्याकडे घ्या. सोबतच्या दोन पानांवर निळ्या शाईने सगळं पायरीपायरीने लिहिलंय. काळी खिडकी उघडायची, मी दिलेली ओळ तशीच टाइप करायची. ती पासवर्ड विचारेल. टाइप करताना अक्षरं दिसणार नाहीत, घाबरू नका. दिसली नाहीत तरी पोचतात. मग लॅपटॉप पुन्हा सुरू करायचा, तीन कमानी दिसतील. नजीरकाकांच्या वाय-फायचा पासवर्डही तेव्हाच मागून ठेवा.

वायरीवरच का भागवत नाही, असं विचाराल. कारण अक्काला तुमची भिंत बघायची नाहीये. तिला निंब बघायचाय. लॅपटॉप अंगणात नेता आला पाहिजे. हे मी पानांवरही सगळ्यात वर लिहिलंय, म्हणजे तुम्ही विसरणार नाही. अक्षय तृतीया, म्हणजे आपली आखाजी, ३० तारखेला आहे.

पथ्य सांभाळा, आणि माझ्यावर रागावला असलात तरी प्रेम कमी करू नका.
तुमची,
मयुरी


मेहरूण, जळगाव
दि. १३ एप्रिल २०२५

चि. मयुरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी पानं मिळाली. अक्षर थेट तुझ्या आजीचं. बाकी इकडे ऊन फार आहे. केळीच्या गाड्या दुपारच्या बंद झाल्यात.

असं पानभर लिहिता येईल मला. दोन दिवस तेच करतोय, कागद फाडतोय. नजीर गावाला गेलाय असं लिहिलं, फाडलं. वायर आखूड पडते असं लिहिलं, तेही फाडलं. शेवटी काल स्वतःचंच नेट घ्यावं म्हणून नेटवाल्याला बोलावलं. त्याने वर पाहिलं, खाली पाहिलं, मग मला पाहून हसला. माझ्या कानाशी मोठ्याने म्हणाला की आता नवी लाइन पलीकडच्या गल्लीतूनच येते, नजीरभाईंच्या गच्चीवरूनच तुमच्याकडे आणावी लागेल, तेवढी त्यांची सही आणा मास्तर. तो हसला का, हे तुला सांगायला हवं.

मागच्या जूनमध्ये नजीरने त्याच्या मुलीच्या, रूहीच्या, कॉलेजप्रवेशासाठी नेट घ्यायचं ठरवलं. तेव्हा खांब माझ्या बाजूला होता. वायर माझ्या गच्चीवरून जाणार होती. नजीर गादीच्या दुकानातून तसाच विचारायला आला, भुवयांवर कापूस. मी त्याला चहा दिला आणि सांगतो म्हणालो. मग विषय कॉलनीच्या बैठकीत ठेवला. तो ठेवायची काहीच गरज नव्हती, गच्ची माझी. तिथे अध्यक्ष रतिलालशेठ म्हणाले की आज वायर, उद्या आणखी काय. आणखी काय म्हणजे काय, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. सगळ्यांना कळलं होतं, मलाही. वर रतिलालशेठ म्हणाले, मास्तर, तुम्हीच दोन ओळी लिहून द्या, गोडीत होऊन जाईल.

मी दोन नाही, बारा लिहिल्या.

आभाळ माझे निळे असू दे,
नको तयावर काळी रेघ...

उभं राहून चालीत म्हटली. टाळ्या पडल्या. निवृत्तीनंतर अठरा वर्षांत पहिल्यांदा माझ्यासाठी टाळ्या वाजल्या, पोरी. त्या आवाजात मला बाकीचं ऐकू आलं नाही, आणि तेव्हा माझे कान बरे होते. तुलाही कविता पाठवली, तू कौतुकाने सगळ्या नातेवाइकांना धाडलीस. तुझा काय दोष, तुला वाटलं म्हातारा आभाळावर लिहितोय.

माझ्या गच्चीवरून आधीच तीन वायरी जातात. दोन टीव्हीच्या आणि एक रतिलालशेठच्या नेटची. त्यांनी माझं आभाळ कधी कमी झालं नव्हतं.

नजीरला वायर पलीकडून फिरवून मिळाली, बेचाळीस दिवसांनी. तोवर रूही बापाचा फोन घेऊन मेहरूण तलावाच्या काठी बसायची, तिथे नेट बरं लागतं म्हणून. पहिल्या फेरीची मुदत होती त्या संध्याकाळी फोन बंद पडला. जळगावची जागा गेली. आता रोज सकाळी पावणेसातच्या बसने यावलकडे जाते. मी दात घासताना खिडकीतून तिची पाठ दिसते. तिसरीत असताना तिला मीच ओट्यावर बसवून कविता शिकवायचो. शब्द खणखणीत म्हणायची.

आणि आता त्या घरी जाऊन मी वायर मागू? हे पत्र अक्काला वाचून दाखवू नकोस. तिला सांग, लॅपटॉप नादुरुस्त आहे.

तुझा,
लोभाला पात्र न उरलेला,
नानाआजोबा


धुळे
दि. १९ एप्रिल २०२५

जीवरामास,
झुंबरबाईचा आशीर्वाद.

मयुरी लिहिते आहे. माझं बोलणं तिलाच काय ते कळतं. तुझं पत्र मला वाचून दाखवायला ती तयार नव्हती, पण पाकीट उशाशी ठेवून रडत बसली तर मला समजणार नाही का? लॅपटॉप नादुरुस्त नाही, मास्तर नादुरुस्त आहे.

ती कविता मी तेव्हाच ऐकली होती. मला वाटलं पतंगांच्या मांज्यावर असेल. निंब त्यांचा, कडी त्यांची, झोक्यावरची गादी नजीरच्या बापाने भरलेली, आणि तुला त्यांची एक वायर जड झाली. मी चाळीस वर्षं त्यांच्या झाडावर माहेर केलं रे. हसीनाने कधी म्हटलं नाही की आज झोका, उद्या आणखी काय. मागच्या आखाजीला आले तेव्हा माझ्यासाठी गूळ घालून शेवया केल्या होत्या तिने. आठवतं? तू दोन वाट्या खाल्ल्यास.

पुढचं मयुरीला मी म्हणेन तसंच, आपल्या अहिराणीत, लिहायला सांगितलंय. बठ्ठं माहीत शे मले. तू मास्तर व्हयना, मानूस कव्हय व्हशी?

आता माणूस व्हायचं कसं ते नीट ऐक. दुसऱ्या कुणाची वायर मागून लाज झाकशील तर मी त्या पडद्यासमोर बसणार नाही. माझं तोंड वाकडं झालंय, ते मी तुला दाखवायला तयार झाले. तुला तुझं दाखवायला काय होतं? तूच जा. हसीनाला काही कळवायचं नाही असं मयुरीला बजावलंय, आणि तिने माझ्या पायावर हात ठेवून कबूल केलंय.

जेवत जा. ओझं उचलू नको. रागावलेय म्हणून माया गेली असं समजू नको.
तुझी अक्का

(ता. क. : नानाआजोबा, लिहिताना तिचा डावा हात माझ्या मनगटावर होता. एकही शब्द गाळू दिला नाही. मयुरी)


मेहरूण, जळगाव
दि. २३ एप्रिल २०२५

चि. रूहीस,

आशीर्वाद लिहिणार होतो. तो देण्याचा हक्क उरलाय का, हे तू ठरव.

तीन वेळा तुमच्या फाटकापर्यंत आलो आणि कडीला हात लावून परतलो. एकदा तुझ्या दादीने खिडकीतून पाहिलंही असेल. तोंडाने जमलं नाही. आयुष्यभर मला जे काही जमलं ते कागदावरच, आणि तुझं नुकसानही मी कागदावरच केलं. म्हणून शेजारच्या घराला तिकीट लावून पत्र टाकतोय. पोस्टमन हसेल, हसू दे.

मागच्या जूनमध्ये तुमची वायर मी अडवली. आभाळाचं कारण खोटं होतं. माझ्या गच्चीवरून तेव्हाही तीन वायरी जात होत्या. तुमच्या घरची म्हणून ती अडवली गेली, हे मला ठाऊक होतं, आणि ठाऊक असून मी तिच्यावर यमक जुळवलं. तुझी जागा त्यात गेली. ती मला परत देता येणार नाही. तुझ्या अब्बांनी माझ्या घरी चहा पिऊन माझ्यावर भरवसा ठेवला होता, हेही मी विसरलेलो नाही.

ती कविता मी फाडली नाही. फाडली तर सोपं होईल. रविवारी कॉलनीच्या बैठकीत उभा राहून हेच सांगणार आहे.

या पत्रात मला काही मागायचं नाही. उत्तराचीही अपेक्षा नाही.

जीवराम मास्तर


मेहरूण, जळगाव
दि. २९ एप्रिल २०२५, दुपारी

चि. मयुरीस,
अनेक आशीर्वाद. अक्कास सा. न.

हे पत्र तुम्हाला आखाजी उलटल्यावर मिळेल. तेव्हा बातमी शिळी असेल, पण लिहितो. नाही जमलं.

बैठकीत बोललो. रतिलालशेठ खुर्ची सरकवून उठून गेले, कॉलनीतल्याच पंडित लाइनमनने जागेवरूनच ओरडून विचारलं की मास्तर, ऑपरेशनची गुंगी उतरली नाही का. हशा झाला. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. बरंच झालं.

पत्र शुक्रवारी पोचलं. मी खिडकीत उभा होतो. पोस्टमनने पाकीट उलटसुलट करून पाहिलं, माझ्या घराकडे पाहिलं, मग हसीनाबीच्या हातात दिलं. आज पाचवा दिवस. तिकडून काही नाही. काल रूही बसवरून आली, फाटकाशी क्षणभर थांबली असं वाटलं, पण पिशवीचा बंद सरळ करत असावी. अक्काला सांग, माफी मागितली म्हणजे ती मिळालीच पाहिजे असा धडा मी वर्गात कधी शिकवला नव्हता, आणि मलाही तो लागू नाही. वायर मी मागितली नाही. माफीच्या मागे मागणं लावलं असतं तर तो पुन्हा बाजारच झाला असता.

अक्काचा चेहरा उद्या दिसणार नाही, हेच मनाला लागतं. आणखी एक कबूल करतो, रागावू नकोस. निदान तुझ्या काळ्या खिडकीचा सराव करावा म्हणून तुझी ती दोन पानं शोधली, तर सापडत नाहीत. टेबल पालथं घातलं. रूहीला पत्र लिहिलं तेव्हा ती समोरच होती, एवढं नक्की आठवतं. पत्राची घडी घातली, पाकिटात सारलं, डिंक लावला, आणि मग टेबल रिकामं

मयुरी. अगं देवा! त्यात मी लिहिलंय की मला काही मागायचं नाही. आणि त्याच पाकिटात तुझी पानं गेली, वर तुझ्या मोठ्या अक्षरांत अक्काला निंब बघायचाय, आणि पहिली पायरी, नजीरकाकांकडून वायर घ्या. काय वाटलं असेल त्यांना! म्हातारा एका हाताने पाया पडतो आणि दुसऱ्याने

खिडकीवरून काहीतरी सरकलं. सापासारखं, निळं. गच्चीवरून खाली येतंय.

वायर आहे ती. वर रूही दिसते, त्यांच्या गच्चीवरून माझ्या गच्चीवर सोडते आहे. तिचं माझ्याकडे लक्ष नाही, म्हणजे तिला नाही बघायचं, आणि ते बरोबरच आहे. पण दार हलतंय. मला ठोकल्याचा आवाज येत नाही, कडी नाचताना दिसते.

काचेतून पाहिलं. हसीनाबी आहे. वर्षभरात गुडघ्यांपायी ओटा उतरली नव्हती ती. भिंतीला टेकून उभी आहे, नवी ओढणी घेतली आहे, केस विंचरलेत, कुणाला तरी दिसायचं असल्यासारखे. एका हातात त्या निळ्या वायरीचं टोक आहे. दुसऱ्या हातात तुझी पानं.

दार उघडायला जातो.